जुन्या चित्रपटगृहाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात

शहराच्या मध्यवस्तीतील जुन्या चित्रपटगृहाचा इतिहास लिहायचा असेल, तर सर्वप्रथम तेथील वृद्ध ऑपरेटरला, म्हणजे पडद्यावर चित्रपट दाखवणारे यंत्र चालवणाऱ्याला, गाठावे, कारण कागदपत्रे पुढेही सापडू शकतात, माणसे नाही. त्यांना मोघम प्रश्न विचारू नयेत. यंत्राला प्रकाश देणाऱ्या जळत्या कार्बनच्या कांड्यांमधील अंतर कसे राखत, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याची खूण म्हणून क्षणभर ठिपका उमटताच दुसरे यंत्र कसे सुरू करत, असे नेमके विचारावे, म्हणजे सांगताना त्यांचे हातही हलू लागतात आणि बोलणे खुलते. ३५ मिलिमीटरचे २,००० फुटी रीळ जेमतेम २२ मिनिटे पुरत असल्याने या माणसांना चित्रपट निवांतपणे क्वचितच पाहता येई, आणि ही बाजू इतिहासात यायलाच हवी.

तारखा मात्र आठवणींवर सोडू नयेत. बांधकाम परवाना, मालमत्तेच्या नोंदी आणि वृत्तपत्रांतील जाहिराती यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. डोअरकीपर व नेहमीचे प्रेक्षक यांच्याशीही बोलावे. अडगळीत जुनी रिळे सापडल्यास ती उघडण्याचा मोह टाळावा, कारण १९५० च्या दशकाआधीची फिल्म अत्यंत ज्वालाग्राही नायट्रेटची असू शकते. अशा वेळी चित्रपट संग्रहालयातील तज्ज्ञांना बोलवावे.