वेबसाइटची वॉरंटी देताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडे वेबसाइट करून देणारी नवी मुलं काम मिळवायच्या घाईत पहिला शब्द देतात, "भाऊ, लाइफटाइम सपोर्ट फ्री." हा शब्द देऊ नका. ग्राहक त्याचा अर्थ "काहीही, कधीही, फुकट" असाच घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

वॉरंटी फक्त आपल्या हातून राहिलेल्या दोषाची. एखाद्या दालमिलची साइट पीएचपी (साइट ज्या प्रोग्रामिंग भाषेत चालते ती) 7.4 वर चालू असते. त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर 2022 मध्येच थांबले, म्हणून होस्टिंगवाला एक दिवस सर्व्हर 8 वर नेतो. जुन्या थीममधली (साइटच्या तयार साच्यातली) काही फंक्शन 8 मध्ये उरलेलीच नाहीत, साइट पांढरी पडते आणि फोन येतो, "भाऊ, साइट बंद पडनी!" हे दुरुस्तीचं काम, पैसे घेऊन करा. पण 2022 नंतर तुम्हीच ती 7.4 वर उभी केली असेल तर दोष तुमचा, मुकाट्याने फुकट करून द्या.

हा वाद मिटवायचा तर साइट सोपवताना वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), पीएचपी, थीम आणि प्लगिनच्या (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयींच्या) आवृत्त्या एका कागदावर लिहा. फाइल्स आणि डेटाबेसचा पूर्ण बॅकअप ग्राहकालाही द्या आणि व्हॉट्सअॅपवर त्याचं "मिळालं" घ्या. साध्या साइटला 30 दिवसांची वॉरंटी, ऑनलाइन विक्रीच्या साइटला 90 दिवसांची. परतावा आणि जीएसटी बिलातल्या चुका दोन-तीन महिन्यांचे व्यवहार झाल्याशिवाय दिसत नाहीत.

सगळ्यात महाग पडते ती चौकशी फॉर्मची चूक. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या साइटवर फॉर्म भरला जातो, "धन्यवाद" दिसतं, मेल मात्र येतच नाही. ऐन हंगामात चौकश्या हवेत जातात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. 'फ्रॉम'मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा जीमेल पत्ता टाकलेला असतो, आणि मेल जीमेलच्या सर्व्हरवरून न आल्यामुळे तपासणीत अडकतो. 'फ्रॉम'मध्ये साइटच्याच डोमेनचा पत्ता टाका, 'रिप्लाय-टू'मध्ये फॉर्म भरणाऱ्याचा. मेल एसएमटीपीने (मेल खात्यात लॉगिन करून) पाठवा, एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्याच डोमेनचा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) लावा, आणि प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा. दर सोमवारी स्वतः एक फॉर्म भरून बघा, दोन मिनिटं लागतात.

डोमेन ग्राहकाच्याच नावावर, त्याच्याच मोबाइल आणि ईमेलवर घ्या.

क्रॅक केलेलं (पैसे न भरता चोरून मिळवलेलं) प्लगिन वापरलं तर वॉरंटीचं नावही काढू नका.

लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र (साइट सुरक्षित दाखवणारं, फुकट मिळणारं) थोड्याच दिवसांचं असतं. डीएनएस (डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जातं ती नोंद) बदलला की आपोआप होणारं नूतनीकरण अडू शकतं, तेव्हा ते लगेच तपासा.

वॉरंटीची मुदत संपली की वार्षिक देखभालीचा करार वेगळा करा. त्यात तास मोजून लिहा: महिन्याला 2 तास. साइट बंद असेल तर 4 तासांत उत्तर, फोटो किंवा भाव बदलायचा असेल तर 2 दिवसांत. रात्री अकराला आलेल्या मेसेजचं उत्तर सकाळी.