लेपर्ड गेकोला कोणते किडे द्यावेत? निवड, माप आणि तयारी

लेपर्ड गेको हा पाळीव सरडा पूर्णपणे कीटकभक्षी आहे. फळं-भाज्या पचवणारं पोट त्याच्याकडे नाही. त्याला जे काही पोषण मिळायचं ते किड्यांतूनच, आणि गोम तिथेच आहे. पाळीव प्राण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. म्हणून किड्याची जात ठरवली की काम अर्धंच होतं. तो किती मोठा आहे, त्याने काय खाल्लंय आणि त्याच्या अंगावर कोणती पावडर आहे, हेही पाहावं लागतं.

१. नेहमीचे किडे आणि खाऊ वेगळे ठेवा

नेहमीच्या जेवणासाठी रातकिडे (क्रिकेट) आणि डुबिया झुरळं सर्वांत भरवशाची. दोन्हींत स्निग्धांश साधारण सहा-सात टक्के आणि प्रथिनं चांगली. रातकिडे चपळ असल्याने गेकोला शिकारीचा व्यायाम होतो. मात्र ते उड्या मारतात, रात्रभर किरकिरतात आणि लवकर मरतात. डुबिया आवाज करत नाहीत, वास कमी, गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत. फक्त धोका वाटला की निपचित पडून राहतात आणि गेकोचं लक्ष उडतं. अशा वेळी चिमट्याने धरून हलवून दाखवा.

मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) सांभाळायला सर्वांत सोपे, म्हणून अनेक जण तेवढ्यावरच भागवतात. पण त्यांत चरबी रातकिड्याच्या जवळपास दुप्पट आणि कॅल्शियम फारच कमी असतं. चालतील, पण एकटे नकोत. नुकतीच कात टाकलेले पांढरे, मऊ मीलवर्म दिसले तर ते आधी द्या. पिल्लांना ते सोपे जातात.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या हा अपवाद: त्यांच्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त असतं. रेशीमकिड्याच्या अळ्या मऊ आणि कमी चरबीच्या, आजारातून उठलेल्या गेकोसाठी उत्तम. हॉर्नवर्म (एका पतंगाची मोठी अळी) म्हणजे बहुतांशी पाणी. कोरड्या दिवसांत एखाददुसरा द्यावा. तो फक्त विक्रीसाठी पाळून वाढवलेलाच घ्या. टोमॅटोच्या किंवा तंबाखूच्या झाडावरून उचललेल्या हॉर्नवर्मच्या अंगात त्या झाडाचं विष असू शकतं.

वॅक्सवर्म (मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या) आणि सुपरवर्म (मोठ्या भुंग्याच्या अळ्या) हा खाऊ. वॅक्सवर्ममध्ये पाव भाग निव्वळ चरबी. आठवड्यातून एक-दोन पुरे, आणि तेही प्रौढालाच. सुपरवर्म पोट कुरतडून बाहेर येतो, ही मात्र दंतकथा आहे.

२. माप डोळ्यांवरून ठरवा

किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नसावा. लांबी डोक्याएवढी असेल तर ठीक. मऊ अळी थोडी लांब चालते. मोठा किडा गिळला की तो अर्धवट पचलेला बाहेर पडतो किंवा आतडं तुंबतं. अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिल्लाला पाच-सहा मिलिमीटरचे रातकिडे पुरतात. शंका आली तर लहान निवडा, संख्या वाढवा.

३. किड्यांना आधी जेवू घाला

याला गट-लोडिंग म्हणतात, आणि हीच पायरी सर्वांत जास्त चुकवली जाते. दुकानातून आणलेले किडे बहुधा उपाशी असतात. त्यांच्या पोटात काही नाही म्हणजे गेकोच्या पोटातही टरफलाखेरीज फारसं जात नाही. खाऊ घालण्याआधी २४ ते ४८ तास त्यांना गाजर, रताळं, गडद हिरवा पाला आणि कॅल्शियमयुक्त तयार खाद्य द्या. पाण्याची उघडी वाटी नको, रातकिडे बुडतात. ओली भाजी किंवा वॉटर जेल पुरेसं आहे.

४. पावडर अगदी शेवटी

पिशवीत किंवा उंच डब्यात किडे आणि चिमूटभर पावडर टाकून हलकेच फिरवा. पातळ थर बसला की लगेच द्या, कारण रातकिडे अंग साफ करतात आणि थोड्याच वेळात पावडर झडते. वाढत्या पिल्लांना प्रत्येक जेवणाला साधं कॅल्शियम, प्रौढांना बहुतेक जेवणांना. डी३ आणि अ जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा, किंवा पाकिटावर असेल तसं. यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा नसेल तर डी३ चुकवू नका. पण रोजही देऊ नका, ते शरीरात साठतं. कॅल्शियम कमी पडलं की जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं. ही लक्षणं दिसली तर पावडर वाढवत बसू नका, पशुवैद्य गाठा.

५. कधी, किती आणि कसं

संध्याकाळी द्या, गेको तेव्हाच हिंडू लागतो. चार महिन्यांपर्यंत रोज, पुढे वर्षापर्यंत एक दिवसाआड, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा पाच ते सात किडे. पिल्लांना दहा-पंधरा मिनिटांत जेवढे संपतील तेवढे. अळ्या गुळगुळीत, उंच काठाच्या वाटीत ठेवा, नाहीतर त्या मातीत शिरतात. उरलेले रातकिडे रात्री मागे ठेवू नका: ते झोपलेल्या गेकोची बोटं आणि शेपटी कुरतडतात. एका गेकोच्या टाकीतून काढलेले किडे दुसऱ्याला देणंही टाळा, आतड्याचे परजीवी असेच पसरतात.

उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस नसेल तर चांगला किडाही पचत नाही. अन्न उलटत असेल तर किड्याला दोष देण्याआधी थर्मामीटर बघा.

घरातली झुरळं, दिव्याखालचे किडे, बागेतले नाकतोडे देऊ नका. कीटकनाशक लागलेलं असू शकतं. काजवे तर चुकूनही नाहीत. सरड्यासाठी एकही जीवघेणा ठरू शकतो.

साठवण

मीलवर्म कोंडा किंवा ओट्समध्ये, फ्रिजच्या कमी थंड कप्प्यात (आठ-दहा अंश) कित्येक आठवडे राहतात. आठवड्यातून एकदा दिवसभर बाहेर काढून गाजर द्यायचं. सुपरवर्म फ्रिजमध्ये मरतात. रातकिड्यांना हवेशीर डबा आणि पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे लागतात. डबा दमट झाला, वास सुटला की ते घाऊक मरतात. मेलेले रोज उचला.

वॅक्सवर्मशिवाय काही खात नसेल तर

वॅक्सवर्म पूर्ण बंद करा आणि दर दोन-तीन दिवसांनी रातकिडे किंवा डुबिया दाखवत राहा. जाड शेपटीचा निरोगी प्रौढ आठवडा-दोन आठवडे सहज काढतो, चरबी शेपटीतच साठलेली असते. दर आठवड्याला वजन करा. शेपटी बारीक होऊ लागली, वजन सतत घसरलं किंवा गेको अजून पिल्लूच असेल, तर हा हट्ट सोडून डॉक्टरांना दाखवा. उलट शेपटी मानेपेक्षा बरीच जाड आणि काखेत फुगवटे दिसू लागले, तर खाऊ बंद करून जेवणाचा एक दिवस कमी करा.