वरच्या मजल्यावरचं घर आणि गच्चीचं इन्सुलेशन : निवड संगणकावर कशी करावी

एप्रिलमधली रात्र, अकरा वाजलेत. खिडक्या सताड उघड्या, तळजाईच्या टेकडीकडून बऱ्यापैकी गार वारा येतोय, आणि पंखा लावला की अंगावर मात्र गरम झोत. पुण्यात शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब रात्री ती उष्णता सावकाश खोलीत सोडत बसतो.

मी यावर उपाय शोधायला निघालो तेव्हा आधी दुकानात गेलो, तीच चूक झाली. प्रत्येकाचा माल सर्वात भारी. घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा कळलं की निवडीचा बराचसा हिशोब फुकट मिळणाऱ्या साधनांवर आपला आपण करता येतो.

सुरुवात मात्र टेपपट्टीने करा. गच्चीवर नेमके कोणते थर आहेत आणि किती जाड, हे कळल्याशिवाय संगणकाला सांगणार काय? आमच्याकडे टाकीचा पाइप बदलताना प्लंबरने गच्ची फोडली होती. त्या खड्ड्यात पट्टी उभी धरली : वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचा थर), खाली जेमतेम चार इंच ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर), मग स्लॅब. जुन्या नकाशात कोबा सहा इंच दाखवला होता! शिवाय उतारामुळे पाइपाच्या तोंडाशी तो आणखी पातळ. खड्डा नसेल तर सोसायटीच्या जुन्या गवंड्याला विचारा. एक साधा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि आठवडाभर दुपारी तीन वाजता व रात्री अकरा वाजता छताचं तापमान वहीत लिहा. ही वही पुढे लागणार आहे.

आता हवामान. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केंद्राने बनवलेलं 'क्लायमा' ब्राउझरमध्येच चालतं. नकाशावर पुणे निवडा, की वर्षातल्या ८,७६० तासांचं हवामान समोर येतं. त्यातले दोनच तक्ते नीट बघा. पहिला दिवस-रात्रीच्या तापमानाचा. एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशीच्या आसपास गेली तरी पहाटेपर्यंत पारा बराच खाली येतो, म्हणजे रात्रीची हवा आपल्या बाजूने आहे. दुसरा सूर्यमार्गाचा. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेची भिंत जवळजवळ सुटते, पश्चिमेची संध्याकाळी तापते, गच्ची मात्र दिवसभर सगळं झेलते. म्हणून वरच्या मजल्यावर भिंतींच्या इन्सुलेशनवर आधी पैसे घालू नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा छज्जा पुरतो.

यानंतर खरा हिशोब, यू-व्हॅल्यूचा. आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत येते, तो हा आकडा. जितका लहान तितका चांगला. 'उबाकुस' नावाचं जर्मन संकेतस्थळ थर रचून तो काढून देतं. फक्त तिथे बाहेरचं तापमान आधीच उणे पाच धरलेलं असतं, ते बदला; नाहीतर आपण पुण्यात बसून जर्मनीच्या थंडीशी लढत बसू. एक्सेलमध्येही जमतं : प्रत्येक थराची मीटरमधली जाडी भागिले त्याची उष्णतावाहकता, सगळ्यांची बेरीज, त्यात दोन्ही बाजूंच्या हवेच्या थरासाठी ०.२१ मिळवा, आणि १ ला त्या बेरजेने भागा.

१२५ मिलिमीटर स्लॅब (वाहकता १.५८), १०० मिलिमीटर कोबा (०.८) आणि आतून प्लास्टर धरलं तर यू-व्हॅल्यू येते साधारण २.३. फ्रिज-एसीला स्टार देणारी जी बीईई आहे, तिच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत, छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. म्हणजे जुन्या इमारती दुपटीच्या आसपास. आता त्यावर एक्सपीएसची, म्हणजे दाट पॉलिस्टायरिन फोमची, शीट (वाहकता ०.०३३) घालून बघा. २५ मिलिमीटरला ०.८४, ५० ला ०.५१, ७५ ला ०.३७, १०० ला ०.२९. पहिल्या इंचाने जेवढं काम केलं तेवढं पुढच्या तीन इंचांनी मिळूनही केलं नाही. तरी मी २५ ऐवजी ५० वर थांबलो, कारण शीट टाकायची मजुरी आणि वरचा कोबा या दोन्ही जाडींना सारखाच. ढोबळ मानाने, ५० चौरस मीटर छत आणि २० अंशांचा फरक धरला तर २,३०० वॅटच्या जागी ५१० वॅट. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, त्याच्याशी ताडून बघा.

याच सूत्राने 'इन्सुलेटिंग पेंट'चीही परीक्षा होते. अर्ध्या मिलिमीटरचा थर कितीही भारी असला तरी बेरजेत जाणवत नाही. पांढरा रंग उपयोगी आहेच, पण तो ऊन परतवतो म्हणून. त्याच्या माहितीपत्रकात एसआरआय (ऊन परतवून पृष्ठभाग किती थंड राहतो, त्याचा निर्देशांक) बघा, आणि दरवर्षी गच्ची धुवायची तयारी ठेवा. बजेट अगदीच कमी असेल तर मी आधी हेच करीन. माहितीपत्रकात आर-व्हॅल्यू (थर उष्णता किती अडवतो तो आकडा, जाडी भागिले वाहकता) दिली असेल तर एकक तपासा. अमेरिकी आकडा ५.६८ ने भागला की आपला होतो.

यू-व्हॅल्यू एक गोष्ट सांगत नाही : उष्णता आत कधी पोहोचते. त्यासाठी तासागणिक सिम्युलेशन लागतं. एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ दोन्ही फुकट आहेत, पण शिकायला दोन-तीन रविवार जातात. ओळखीत आर्किटेक्चरचा विद्यार्थी असेल तर चहा पाजून बसवा. त्यात घराच्या दोन खोल्या रेखाटल्या तरी पुरे. खालच्या मजल्याकडची फरशी जमिनीला टेकलेली दाखवू नका, तिथून उष्णता जात-येत नाही असं सांगा, नाहीतर घर कागदावर उगाच थंड दिसतं. रात्री दहा ते सहा खिडक्या उघड्या ठेवा. मग शीट स्लॅबच्या वर, मग खाली फॉल्स सीलिंगमध्ये, असं दोनदा चालवून रात्री ३० अंशांच्या वरचे तास मोजा. खिडक्या बंद ठेवूनही एकदा चालवा. इन्सुलेशन आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे रात्री हवा खेळती नसेल तर निम्मा फायदा गेला. आणि शीट खालून लावली तर स्लॅब उन्हात तापतच राहतो, वाढतो-आकसतो, तडे जातात. गच्ची हातात असेल तर वरूनच करा.

पुण्याचा पाऊस बघता गच्चीवर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) नको, भिजलं की कामातून गेलं. एक्सपीएस पाणी फारसं पीत नाही आणि दाब सोसतो. ते पेटतं, म्हणून उघडं ठेवायचं नाही. पीयूएफचा (पॉलियुरेथेन फोमचा) फवारा वाहकतेत सरस, पण उन्हाने कुजतो, वर लेप हवाच.

शेवटची बेरीज वजनाची, आणि ती सॉफ्टवेअर आपणहून करत नाही. शीट प्रति चौरस मीटर दोन किलोही भरत नाही, पण तिच्यावरचं ५० मिलिमीटर काँक्रीट १२० किलो! स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. गच्ची सोसायटीची असते, तेव्हा सभेत ठराव करून घ्या. मी यू-व्हॅल्यूचा तक्ता छापून नेला होता, पण सभेत सगळ्यांनी बघितली ती रात्री अकराच्या आकड्यांची वही.

काम करताना आधी वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कडेला वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई), मग २४ तास पाणी तुंबवून चाचणी, आणि गळती नसेल तरच त्यावर शीट. मृग लागायच्या आत हे सगळं उरकायला हवं, म्हणजे हिशोब फेब्रुवारीतच करून ठेवा. वही फेकू नका. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेळी, छताच्या त्याच जागी थर्मामीटर धरा, आणि महावितरणच्या बिलावरचे मागच्या वर्षीचे युनिट शेजारी लिहा.