लाइट गेली की राउटरची सेटिंग जाते? टर्मिनलवरून असं सांभाळा

लातूर-नांदेडकडं लाइट गेली-आली की राउटरमधला कालचा बदल गायब होतो. कारण बहुतेकदा साधंच: बदल केला, पण साठवला नाही. खालचं सगळं ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर टाकायची मोफत लिनक्स प्रणाली) टाकलेल्या राउटरसाठी आहे. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाका.

लॅपटॉप लॅन केबलनंच जोडा. वायफायवरून वायफाय बदलायला गेलात तर मधेच कनेक्शन तुटतं. लिनक्स लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाकायची खिडकी) 'आयपी राउट' टाका. 'डिफॉल्ट व्हाया'पुढचा पत्ता राउटरचा, बहुधा १९२.१६८.१.१. मग राउटरमध्ये शिरायला 'एसएसएच रूट@' आणि लगेच, जागा न सोडता, तो पत्ता.

'यूसीआय' ही सेटिंग बघायची-बदलायची आज्ञा. 'यूसीआय शो वायरलेस'मध्ये बँडची ओळ बघा. २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ शून्य क्रमांकाचा असेल तर 'यूसीआय सेट वायरलेस.रेडिओ०.चॅनेल=६'. चॅनेल १, ६ किंवा ११ च घ्या. ३-४ घेतला की दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट पदरात पडतो. पुढं साठवायला 'यूसीआय कमिट वायरलेस', मग लागू करायला 'वायफाय रीलोड'. कमिट राहिलं तर बदल रॅममध्येच असतो, लाइटबरोबर जातो. 'लॉगरीड' या आज्ञेनं दिसणारी राउटरच्या घडामोडींची नोंदही तिथलीच, म्हणून रीबूटआधी ती वाचून घ्या.

बॅकअप 'सिसअपग्रेड'ला लहान 'बी' पर्याय देऊन टीएमपीमध्ये (हीसुद्धा रॅममधलीच जागा) काढा आणि लगेच 'एससीपी' या फाइल ओढायच्या आज्ञेनं लॅपटॉपवर घ्या. एससीपी अडलं तर मोठा 'ओ' पर्याय द्या: लॅपटॉपवरच्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी मुळात एसएफटीपी ही फाइल पाठवायची दुसरी पद्धत वापरतं, आणि ते राउटरवर सहसा नसतं.

फर्मवेअर (राउटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) मात्र इन्व्हर्टरवरच बदला. लिहिताना लाइट गेली तर राउटर उठेलच असं नाही.