इंजिन ऑइल बघायचं राहून जातं आणि मग इंजिन उतरवावं लागतं: या चुका टाळा

गेल्या गणपतीला माझ्या मामेभावाची गाडी कुंभार्ली घाट उतरली आणि पोफळी ओलांडून चिपळूणच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच वेळात बंद पडली. डिझेल गाडी, सेकंडहँड घेतलेली पण नीट ठेवलेली, सात महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालेलं, टायर नवे, एसी एकदम गार. घाटात वळणावर ब्रेक मारला की डॅशबोर्डवर ती लाल किटलीसारखी खूण असते ना, ती एखादा सेकंद पेटायची आणि सरळ रस्ता आला की विझायची. वहिनीने विचारलं पण, अहो हे काय लागतंय सारखं, तर तो म्हणाला सेन्सरचं काहीतरी असेल, पाऊस किती आहे बघ, चिपळूणला गेल्यावर दाखवू. आधी खालून टकटक आवाज सुरू झाला, मग तो वाढत गेला, मग कितीही रेस दिली तरी गाडी ओढेना आणि जाम झाली. मेकॅनिक आला, त्याने बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली आणि आमच्यासमोर धरली. कोरडी होती. "दादा, ऑइल शेवटचं कधी बघितलं होतं?" एवढंच त्याने विचारलं.

बेअरिंग गेली, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, ग्राइंडिंगला पाठवावा लागला, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, तोही गेला, इंजिन उतरवून परत बांधेपर्यंत ८० हजारांच्या वर खर्च आला आणि सण सगळा त्या टेन्शनमध्ये गेला. वेळेवर दोन लिटर ऑइल टाकलं असतं तर हजार-पंधराशेत भागलं असतं. म्हणून हे लिहायला बसलोय, कारण त्यानंतर मी ओळखीच्या जेवढ्या लोकांना विचारलं की तू डिपस्टिक कधी बघितलीस, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकच होतं, "सर्व्हिसिंगला बघतात की."

सर्व्हिसिंग वेळेवर होतं, मग मध्ये कशाला बघायचं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि नीट गाडी ठेवणारी माणसंच ही चूक करतात. आपल्याकडे बहुतेक कारचं सर्व्हिसिंग १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. छोट्या गाडीच्या इंजिनात ऑइल असतं साधारण तीन-साडेतीन लिटर. आता समजा गाडी जरा जुनी झालीये आणि दर हजार किलोमीटरला २०० मिली ऑइल खातेय. हे काही फार नाही, धूर दिसणार नाही, पिकअप कमी होणार नाही, तुम्हाला काही म्हणजे काही कळणार नाही. पण १०,००० किलोमीटरला दोन लिटर ऑइल संपलेलं असेल आणि साडेतीनपैकी दीड लिटरवर इंजिन पळत असेल. तेवढंच ऑइल मग जास्त वेळा फिरतं, जास्त तापतं, लवकर खराब होतं, आणि घाटात उतारावर ब्रेक मारला की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातलं, उरलेलं ऑइल पुढे सरकतं आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी ऑइलऐवजी हवा येते. त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं.

आणि हो, पार्किंगमध्ये खाली डाग नाही म्हणजे ऑइल कमी होत नाही असं अजिबात नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील किंवा टर्बोचा सील गेला असेल तर ऑइल आतल्या आत जळतं. काही लिकेज असे असतात की इंजिन गरम आणि चालू असतानाच थेंब सुटतो, गाडी उभी केली की बंद.

लाल दिवा लागला की बघू

हा किटलीचा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर किती आहे ते सांगतो, आणि हा फरक कळला तरी पुष्कळ इंजिनं वाचतील. गरम इंजिन रस्त्यावर पळत असताना प्रेशर दोन ते चार बार असतं, आणि बऱ्याच गाड्यांत दिवा पेटतो तो प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास खाली आल्यावर. म्हणजे दिवा दिसेपर्यंत बेअरिंगना ऑइल पोचायचं जवळपास थांबलेलं असतं. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक अगदी पातळ थर असतो, त्याच्यावर क्रँक अक्षरशः तरंगत असतो, तो थर गेला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग गोल फिरून क्रँकला चिकटते. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलवरच तरंगतो, त्यामुळे तो बऱ्याचदा क्रँकच्याही आधी जातो. ज्या गाड्यांत टायमिंग चेन आहे तिथे चेन ताणून धरणारा टेन्शनरसुद्धा बहुतेक वेळा ऑइलच्याच प्रेशरवर चालतो, म्हणून चेन खडखडायला लागते.

त्यामुळे चालू गाडीत हा दिवा लागला, एक सेकंद लागला तरी, बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढचा ढाबा, पुढचं गाव, पुढचा पंप असं करू नका. पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तर टाका, दिवा विझला तर हळू गॅरेजपर्यंत जा. ऑइल बरोबर असून दिवा राहिला तर ऑइल पंप, त्याची जाळी, बेअरिंग किंवा खरंच प्रेशर स्विच यातलं काहीतरी आहे, पण ते मेकॅनिकने प्रेशर गेज लावून ठरवायचं, आपण गाडी चालवत चालवत नाही. टो करून न्या. टोइंगचे तीन-चार हजार जातील, जाऊ देत.

डिपस्टिक बघतात, पण चुकीची

गाडी सपाट जागेवर हवी. सोसायटीच्या रॅम्पवर उभी करून बघितलेलं काही कामाचं नाही. गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. पट्टी काढा, स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, आता बघा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते शिंतोडे असतात, त्याच्यावर जाऊ नका. खाली मिनिमम आणि वर मॅक्सिमम अशा दोन खुणा किंवा दोन भोकं असतात, छोट्या गाड्यांत त्या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडं कमी ऑइल बसतं. अर्ध्याच्या वर असेल तर ठीक. मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीसाठी थंड इंजिनवर बघा असं दिलं असेल तर तसं बघा. काही महागड्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, स्क्रीनवर लेव्हल दिसते, तिथे तो मेन्यू शोधून ठेवा.

महिन्यातून दोनदा, लांब जायच्या आदल्या दिवशी नक्की. पेट्रोल पंपावर घाईत नको, इंजिन नुकतंच बंद केलेलं असतं आणि मागे गाड्या हॉर्न मारत असतात.

रंग बघून ठरवणं

डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून थोडे किलोमीटर झाले की ते काळं होतं, ती काजळी आहे, ऑइल ती धरून ठेवतंय म्हणजे त्याचं काम करतंय. उलट सीएनजी गाडीत ऑइल बराच काळ पिवळसर राहतं कारण सीएनजी स्वच्छ जळतो, आणि मग लोक म्हणतात बघा किती मस्त आहे अजून, चालवू अजून पाच हजार. पण उष्णतेने ऑइल आतून खराब होतच असतं, ते डोळ्याला दिसत नाही. टॅक्सीवाल्या मंडळींनी हे खास लक्षात घ्या, तुमचे १०,००० किलोमीटर दोन-तीन महिन्यांत होतात.

रंगात घाबरायचं ते एकाच रंगाला, दूध घातलेल्या चहासारखं झालं तर. म्हणजे ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) आलंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, उडालेलं असू शकतं किंवा गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, दोन्हीकडे इंजिन चालू करू नका. फक्त ऑइलच्या झाकणाला आतून थोडी पांढरी साय दिसते, पट्टीवरचं ऑइल स्वच्छ आहे आणि कूलंट कमी होत नाहीये, तर ती पावसाळ्यात छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे साठलेली वाफ असते, एकदा गाडी तासभर हायवेला नेली की जाते.

यावरून अजून एक, "गाडी फार चालत नाही, वर्षात दोन हजार किलोमीटर, ऑइल कशाला बदलू". भाजी आणायला आणि मुलाला क्लासला सोडायला जी गाडी जाते तिचं इंजिन कधी पूर्ण तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये वाफ आणि कच्चं पेट्रोल साठत राहतं. वर्ष झालं की बदलाच, फिल्टरसकट. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच इंजिनात फिरतं.

जास्त टाकलं तर बरंच

बरं नाही. मॅक्सिममच्या बरंच वर ऑइल गेलं तर क्रँक त्यात घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसात हवा असल्याने प्रेशर टिकत नाही. सीलही गळायला लागू शकतात. डिझेल गाडीत तर ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, हवेच्या रस्त्याने आत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं आणि चावी फिरवली तरी बंद होत नाही. म्हणून २०० मिली टाका, थांबा, बघा, परत टाका.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीवाल्यांनी लेव्हल वाढतेय का हेही बघायला हवं. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्यासाठी गाडी जादा डिझेल मारते, आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये ती प्रक्रिया अर्धवट राहिली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काही न टाकता लेव्हल वर चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय, बदलून घ्या.

कुठलंही ऑइल चालतं

मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच. ज्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल सांगितलंय त्यात २०डब्ल्यू-५० असं जाड टाकून इंजिन मजबूत होत नाही, बारीक वाटांतून जाड ऑइल थंडीत उशिरा पोचतं. बाइकचं उरलेलं ऑइल कारमध्ये ओतू नका, ज्या इंजिनात क्लचसुद्धा ऑइलमध्येच बुडालेला असतो त्याच्यासाठी ते बनवलेलं असतं. अगदीच अडलात आणि लेव्हल मिनिममच्या खाली असेल तर जवळपासच्या ग्रेडचं कारचं ऑइल अर्धा लिटर टाकून घरी या, कोरडं चालवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. डुप्लिकेट ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून विकलं जातं, म्हणून ओळखीच्या दुकानातून बिल घेऊन घ्या आणि रिकाम्या कॅनला भोक पाडून मगच टाका.

चेंबरला दगड लागला

कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यांवर आणि आपल्याकडच्या उंच स्पीडब्रेकरवर हे कायम होतं. खालून जोरात लागलं की लगेच थांबून खाली वाकून बघा, ऑइल सांडताना दिसलं तर तिथेच इंजिन बंद. चेंबर बदलायला काही हजार लागतात. आणि इथे इन्शुरन्सचं ऐका, साध्या पॉलिसीत चेंबर मिळेल कदाचित, पण ऑइल सांडल्यावर गाडी चालवून इंजिन बसलं तर त्याचे पैसे 'इंजिन प्रोटेक्शन' नावाच्या ॲड-ऑनशिवाय मिळत नाहीत. नुसतं ऑइल न बघितल्याने गेलेलं इंजिन तर त्या ॲड-ऑनमध्येही धरत नाहीत. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवा, तारखा चुकल्या असतील तर क्लेम अडतो.

मामेभाऊ आता दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिकचा फोटो काढतो आणि लगेच किलोमीटरच्या आकड्याचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की गाडी किती ऑइल खाते ते आपोआप कळतं, सेकंडहँड गाडीवाल्यांनी तर पहिले तीन महिने हे कराच. दोन हजार किलोमीटरला त्याची लेव्हल अर्धं बोट खाली आली होती, इंजिन नवीन बांधलेलं असून, म्हणून त्याने गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपचा वॉशर नीट बसला नव्हता, तिथून झिरपत होतं.