‘लाइट माय फायर’ बसवताय? ऑर्गनवाल्यांनी या चुका टाळा

सांगली-मिरजेकडच्या बँडमध्ये कीबोर्डवर उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा पेटीतून आलेला असतो. घरात आजोबांची पेटी, गल्लीतलं भजनी मंडळ, स्नेहसंमेलनातली नाट्यगीतं, पुढं ऑर्केस्ट्रा, आणि मग एखादा गिटारवाला मित्र म्हणतो, चल, रॉक बँड काढू. त्या बँडच्या यादीत आज ना उद्या ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचं ‘लाइट माय फायर’ येतंच. ऑर्गनला एवढा मान देणारी रॉकमधली गाणी मोजकीच, आणि त्यातलं हे फार लाडकं.

पेटीवाल्याचा उजवा हात या गाण्याला खूप कामाचा आहे. पण नुसत्या त्या हाताच्या भरवशावर गाणं बसवायला घेतलं की ते बसत नाही. हे गाणं उभं आहे डाव्या हातावर, आणि पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. इथल्या तालमींत ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यातल्या निम्म्या इथूनच सुरू होतात.

आधी पट्टीचा घोळ मिटवा

गाणं लावून त्याच्यासोबत वाजवायला घेतलं की पाच मिनिटांत वाद सुरू होतो. गिटारवाला म्हणतो कीबोर्ड उतरलाय, कीबोर्डवाला म्हणतो गिटार चढलीय. खरं तर दोघांची वाद्यं सुरात असतात. घोळ रेकॉर्डिंगमध्ये आहे. जानेवारी १९६७ मध्ये आलेल्या अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीत हे गाणं किंचित संथ गतीनं उतरलं, त्यामुळं त्याची पट्टी जवळपास अर्ध्या स्वरानं खाली गेली. पुढं कित्येक वर्षं तीच आवृत्ती सगळीकडं फिरत राहिली. २००७ मध्ये अल्बमचं नवं मिक्सिंग झालं तेव्हा गती सुधारली. त्याच वर्षी, १९६७ ला, सिंगल म्हणून निघालेली छोटी आवृत्ती मात्र पहिल्यापासून योग्य पट्टीत होती.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे ट्रान्सपोजचं बटण दाबून कीबोर्ड एक घर खाली आणणं. फरक पूर्ण एका घराचा नाहीच, त्यामुळं रेकॉर्डिंगशी तरीही जुळत नाही. आणि ते बटण कार्यक्रमात तसंच राहिलं तर पहिल्याच कॉर्डला सगळा बँड एकमेकांकडं बघत बसतो. त्यापेक्षा २००७ ची आवृत्ती शोधून तीच सगळ्यांना पाठवा. जुनीच ऐकायची असेल तर ऐका, पण तिच्यासोबत वाजवू नका. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तारा जुळवताना कान किती बारीक लावतात ते आपण बघतो, तेवढी काळजी इथंही घ्यायला काहीच हरकत नाही.

टोन: जाड नको, नाकातला हवा

कीबोर्डवर ‘रॉक ऑर्गन’ नावाचा टोन दिसला की लोक तो लावून मोकळे होतात. तो बहुधा हॅमंड या जाड आवाजाच्या ऑर्गनचा असतो, फिरत्या स्पीकरच्या गरगरीसकट. या गाण्यात हॅमंड नाही. द डोअर्सचा ऑर्गनवाला रे मँझरेक वाजवायचा ते व्हॉक्स कॉन्टिनेंटल, इंग्लंडमध्ये १९६२ साली निघालेलं ट्रान्झिस्टरवरचं, उचलून नेता येणारं ऑर्गन. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे रंग उलटे, आवाज बारीक, धारदार, थोडा नाकातला. तोच आवाज गिटार आणि झांजांच्या गोंगाटातून वाट काढतो.

म्हणून टोनच्या यादीत ‘कॉम्बो’ किंवा ‘सिक्स्टीज’ अशा नावाचा ऑर्गन शोधा. ड्रॉबार, म्हणजे आवाजाचे थर कमी-जास्त करणाऱ्या ओढायच्या दांड्या, असतील तर सोळा, आठ आणि चार फूट असं लिहिलेल्या पुढं ओढा, वरच्यांपैकी एखादी थोडीशी. फिरत्या स्पीकरचा इफेक्ट बंद, पर्कशन बंद, रिव्हर्ब जेमतेम. थोडा व्हायब्रॅटो चालेल.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे टच बंद करा. बहुतेक कीबोर्डांत जोरात दाबलं की आवाज मोठा आणि हळू दाबलं की बारीक अशी सोय चालू असते. ऑर्गनला असलं काही नसतं, पट्टी दाबली की पूर्ण आवाज. टच चालू राहिला तर वेगातले निम्मे सूर गिळले जातात आणि वाजवणारा मात्र आपली बोटंच कमी पडतात असं समजून बसतो. सस्टेन पेडल तर काढूनच ठेवा. त्याच्या जागी आवाज कमी-जास्त करणारं पेडल मिळालं तर पेटीवाल्याला घरी आल्यासारखं वाटेल, कारण भात्यानं जे करायचं ते आता पाय करणार.

डावा हात

द डोअर्समध्ये स्टेजवर बास गिटारवाला नसायचा. व्हॉक्सच्या सपाट माथ्यावर मँझरेकनं फेंडर ऱ्होड्सचा पियानो बास, म्हणजे नुसते खालचे बासचे सूर देणारा छोटा कीबोर्ड, ठेवलेला असे, फक्त ३२ पट्ट्यांचा, आणि त्यावर त्याचा डावा हात अखंड चालू असे. उजवा हात वाटेल तिथं भटको, डावा आपली ओळ सोडत नसे. स्टुडिओत मात्र या गाण्यावर लॅरी नेक्टेल या वादकानं बास गिटारची जोड दिली.

म्हणजे तुमच्यापुढं दोन रस्ते आहेत, आणि पहिल्या तालमीआधीच एक निवडायचा. बँडमध्ये बास गिटारवाला असेल तर खालची ओळ पूर्ण त्याची. मग डाव्या हातानं खालच्या सप्तकात जाऊ नका, हौस म्हणूनही नको. दोघं खाली वाजवू लागले की सगळं चिखल होतं आणि पब्लिकला सूर कळेनासा होतो. ही चूक इतकी सर्रास होते की साउंडवाला बिचारा बास कमी करत बसतो आणि दोष मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही.

बासवाला नसेल तर स्प्लिट करा, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग करून दोन वेगळे टोन लावा. एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर डावीकडची दोन सप्तकं बासला, बाकीची ऑर्गनला. बासचा टोन ठोका देऊन लगेच विरणारा निवडा, लांबत जाणारा नको. गरज वाटली तर तो भाग एक सप्तक खाली घ्या.

आता हाताचं काम. सोलोमध्ये दोनच कॉर्ड आलटून पालटून येतात, ए मायनर आणि बी मायनर. सुरुवातीला साधा आराखडा धरा: करंगळी ए वर, अंगठा ई वर, मग तीच पकड एक स्वर वर सरकवून करंगळी बी वर आणि अंगठा एफ शार्पवर. मूळ आणि पंचम, एवढंच. मूळ रेकॉर्डिंगमधली बारीक वळणं नंतर घाला. हे चालू असताना उजवा हात मांडीवर ठेवा आणि शेजारच्याशी बोला. उद्या किती वाजता भेटायचं, गाडी कोण आणणार, काहीही. बोलताना डावा हात अडखळला तर तो अजून तयार नाही. न अडखळता चालायला लागला की उजव्यानं आधी नुसते लांब कॉर्ड धरा, मग तुटक ठोके द्या, सूर सगळ्यांत शेवटी.

पेटीवाले इथं कंटाळतात. उजव्या हाताला एवढं येत असताना डाव्यासाठी थांबायचं हे मनाला पटत नाही. पण थांबाच. या टप्प्याला फाटा देऊन पुढं गेलेल्याचा सोलो कितीही तयारीचा असला तरी खालून हलत राहतो, आणि ड्रमर त्याच्यामागं धावत राहतो.

कडव्यातला गंधार आणि सोलोमधला धैवत

कडव्यात ए मायनर सेव्हन आणि एफ शार्प मायनर सेव्हन असे दोन कॉर्ड आहेत. पांढरी सहा, म्हणजे ए, सा धरली तर पहिल्या कॉर्डमध्ये कोमल गंधार, दुसऱ्यात शुद्ध. पट्ट्यांवर बघा: ए आणि ई या दोन बोटांना हलायचंच नाही. सी वरचं बोट अर्धा स्वर वर जाऊन सी शार्पवर, आणि जी वरचं बोट अर्धा स्वर खाली येऊन एफ शार्पवर. दोन बोटं जागेवर, दोन विरुद्ध दिशांना सरकणारी. गाण्याची सगळी गूढ हवा या सरकण्यात आहे. बरेच जण पूर्ण हात उचलून नवा कॉर्ड आपटतात, त्यात ती हवा निघून जाते. सवयीनं कोमल गंधार तसाच राहिला तर गायकाचा सूरही डळमळतो.

सोलोमध्ये उलटा प्रकार. ‘ए मायनर’ म्हटलं की पुस्तकातली सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांची स्केल आठवते, आणि लोक पांढऱ्यांवरूनच पळत राहतात. त्यात धैवत कोमल येतो, म्हणजे साधा एफ, आणि खाली बी मायनर वाजत असताना तो एफ शार्पला धडकतो. पेटीवाल्यासाठी उपाय एका शब्दाचा आहे: काफी. कोमल ग, कोमल नी, बाकी शुद्ध. हा थाट बोटांत असतोच. फक्त बी मायनर आला की रिषभावर, मध्यमावर किंवा धैवतावर टेका, तिथं षड्जावर ठाण मांडून बसू नका.

सुरुवात सगळ्यांची एकत्र

ड्रमर जॉन डेन्समोरचा स्नेअरवर एकच ठोका, आणि लगेच ऑर्गन. बाकी इशारा काही नाही. म्हणून आधीची मोजणी मनात किंवा नुसत्या नजरेनं करा आणि ठोक्यालाच सगळे जागे राहा. ऑर्गनवाला या ठोक्यानंतर दचकून सुरू करतो, अर्धी मात्रा उशिरा, आणि पूर्ण सुरुवात लंगडते. नुसता ठोका आणि पहिला कॉर्ड एवढंच पुन्हा पुन्हा करून घ्या, बाकी गाणं न वाजवता.

कॉर्ड असे: जी, डी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट आणि ए. पाठ करायला हे विचित्र वाटतात, पण एफपासून पुढं बघा, प्रत्येक पुढचा कॉर्ड आधीच्याचा मध्यम आहे. पांढरी चारचा मध्यम काळी पाच, तिचा काळी दोन, तिचा काळी चार. तिथून अर्धा स्वर वर चढून पांढरी सहा. मँझरेकला यात बाख या जुन्या युरोपीय संगीतकाराचा ढंग हवा होता, म्हणून उजवा हात ठोकळे न आपटता धावत्या सुरांनी या कॉर्डांवरून जातो. शेवटच्या ए वर थोडं थांबायचं आहे आणि नेमकं तिथंच कुणीतरी घाईनं कडव्यात शिरतं. ड्रमरनं किती मोजायचं ते ठरवून घ्या आणि सगळ्यांनी त्याचंच ऐका.

सोलो किती, आणि कसा

अल्बममधलं गाणं सातेक मिनिटांचं आहे, आधी ऑर्गनचा सोलो, मग गिटारचा. सिंगलमध्ये हे जवळजवळ सगळं कापून गाणं तीन मिनिटांच्या आत आणलं, आणि जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. तरीही माझं मत स्पष्ट आहे: सोलो कापू नका. ऑर्गनवाल्यासाठी हे गाणं घेण्याचं कारणच तो आहे. मात्र फेऱ्या ठरवा. कॅफेत बसलेले लोक ऐकतील, कॉलेजच्या मैदानावर उभी पोरं अर्ध्यात गप्पा मारायला लागतील, त्यानुसार कमी-जास्त करा.

पहिल्या दोन फेऱ्यांत सगळी तयारी ओतून टाकणं ही मोठी चूक. या सोलोमागं जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची प्रेरणा होती असं बँडच्या वादकांनीच सांगितलं आहे. दोन कॉर्डवर तंद्री लावत हळूहळू चढायचं, हा तो बाज. आपल्याकडच्या बढतीची सवय असलेल्याला हे सांगावं लागू नये, पण रॉक म्हटलं की बढत विसरली जाते. कमी सुरांनी सुरू करा, मधे श्वास घ्या, एखादा छोटा तुकडा फिरवून फिरवून म्हणा. खटका-मुरकी पट्ट्यांवर छान निघते, जरूर घ्या. मींड मात्र इथं निघत नाही, पिच बेंडच्या चाकानं ती आणायला जाऊ नका, ऑर्गनवर ती खोटी वाटते.

आणि परतीची खूण ठरवा. गिटारचा सोलो संपला की सुरुवातीचा तुकडा पुन्हा येतो. मान हलवणं, हात वर करणं, काहीही चालेल, पण ती एकाच माणसानं द्यायची आणि चौघांनाही दिसली पाहिजे.

ड्रमरसाठी एकच: कडव्यात लॅटिन, बोसानोव्हाच्या अंगानं जाणारी हलकी चाल आहे, ध्रुवपदात रॉक. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठोका ठेवला, किंवा ऑक्टोपॅडवर सवयीचा केरवा लावला, तर ध्रुवपदाला उसळी मारायला जागाच उरत नाही.

स्टेजवर गेल्यावर

कीबोर्डची एकच वायर मिक्सरला जाणार असेल तर ती डावीकडच्या, मोनो असं लिहिलेल्या जॅकमध्येच घाला. उजवीकडं घातली तर काही टोनांचा अर्धा आवाज गायब होतो आणि कुणाला कारण सापडत नाही. घूं असा आवाज येत असेल तर कीबोर्ड आणि गिटारचे अँप एकाच बोर्डवरून चालवून बघा, नाहीतर मधे डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामधे जोडायचा छोटा डबा) लावून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, मांडवात ओल असते आणि जीवाशी गाठ असते.

साउंडवाल्याला आधीच भेटून सांगा की ऑर्गनला एको नको. ऑर्केस्ट्राच्या सवयीनं तो लावणारच, आणि एकोत सुरुवातीचे धावते सूर एकमेकांवर चढतात. ऑर्गनचा सूर आपोआप विरत नाही, त्यामुळं गायक गात असताना पेडल अर्ध्यावर आणा आणि सोलोला पूर्ण दाबा. साउंड चेकला गाण्याची सुरुवात न वाजवता सोलोचा सगळ्यांत जोराचा भाग वाजवून घ्या, आवाजाची पातळी तिथं ठरते. आणि उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर हे गाणं यादीत शेवटी ठेवू नका. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद होतो, आणि भाषणं लांबली की कात्री शेवटच्या गाण्याला लागते.