नवख्याला हवाई लढत शिकवताना: आधी शेपूट धरायला लावा

ऑनलाइन फ्लाइट सिममध्ये (लढाऊ विमान उडवण्याच्या संगणक-खेळात) नव्याने आलेल्या माणसाला आपण पहिल्याच संध्याकाळी गजबजलेल्या सर्व्हरवर नेतो. तो उडतो, गोळ्या कुठून आल्या हे कळायच्या आत पडतो, पुन्हा उडतो, पुन्हा पडतो. आपलं नेमकं काय चुकलं हेच त्याला समजत नाही, त्यामुळे दहा वेळा पडूनही हाती काही लागत नाही. थोड्या दिवसांत तो यायचा बंद होतो. हे टाळता येतं. त्यासाठी जुन्या खेळाडूने नवख्याला घेऊन दोघांनीच खासगी सामन्यात सराव करायचा आणि क्रम पाळायचा: आधी पाठलाग, मग नेम, मग उंचीचा हिशेब, मग बचाव. डॉगफाइट, म्हणजे खरी समोरासमोरची हवाई झुंज, सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी 'आयएल-२ स्टुर्मोव्हिक: ग्रेट बॅटल्स' हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा खेळ घेऊ. त्याच्या स्टालिनग्राडच्या मूळ संचात जर्मन मेसरश्मिट बीएफ १०९ एफ-४ आणि रशियन याक-१ ही दोन्ही विमानं आहेत. नवख्याला १०९ द्या, तुम्ही याक घ्या. १०९ मध्ये प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन), इंधनमिश्रण आणि रेडिएटर आपोआप चालतात, याकमध्ये ही कामं हातानं करावी लागतात. शिवाय १०९ च्या तिन्ही बंदुका नाकात आहेत. पंखात बंदुका असलेल्या विमानात, उदाहरणार्थ स्पिटफायरमध्ये, दोन्ही बाजूंच्या गोळ्या ठरावीक अंतरावरच एकत्र येतात. अंतराचा अंदाज चुकला की नेम बरोबर असूनही गोळ्या लक्ष्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. शिकताना ही भानगड नको.

उडण्याआधी

जॉयस्टिक साधी असली तरी चालते. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारख्या स्टिकवर दांडा पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं पातं) देता येतो, तेवढं पुरे. कीबोर्ड-माउसवर मात्र पुढचे सराव जमत नाहीत. नाक वर-खाली करणाऱ्या अक्षाची संवेदनशीलता मधल्या भागात कमी करा, नाहीतर गोळीबाराच्या वेळी नाक डुलत राहतं. पिळायचा अक्ष जुन्या स्टिकवर थरथरतो, त्याला तीन ते पाच टक्के डेडझोन (मधला भाग, जिथली हालचाल मोजली जात नाही) द्या.

मान वळवायची सोय स्टिकइतकीच महत्त्वाची. ट्रॅकआयआर (डोकं वळवलं की खेळातली नजर फिरवणारं यंत्र) परवडत नसेल तर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चालतं. तेही जमत नसेल तर स्टिकवरच्या हॅट बटणावर नजर फिरवायची सोय लावा आणि त्याशेजारी झूमचं बटण. नजर फिरवायला हात स्टिकवरून काढावा लागत असेल तर नवखा मागे बघतच नाही.

भारतातून खेळणाऱ्यांनी वेळेचंही बघावं. युरोपातले सर्व्हर तिकडच्या संध्याकाळी भरतात. तिकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. म्हणून दोघांचा सराव आठवड्यात आपल्या सोयीने करा आणि भरलेल्या सर्व्हरवर शनिवार-रविवारी जा. पिंगचाही, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळाचाही, परिणाम होतो. ताशी ४०० किलोमीटर वेगाचं विमान ०.२ सेकंदात २२ मीटर पुढे जातं, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर समोरचा नेमका कुठे आहे हे खेळ अंदाजानेच दाखवत असतो. अगदी नाकासमोरून जवळून जाण्याच्या खेळी तिथे धोक्याच्या ठरतात.

इंजिनाबद्दल एकच गोष्ट पहिल्या दिवशी पाठ करून घ्या. १०९ एफ-४ चं इंजिन १.३ एटीए (हवेच्या दाबाचं एकक) दाबावर अर्धा तास चालतं, थ्रॉटल पूर्ण उघडून १.४२ वर नेलं तर जेमतेम एक मिनिट. नवखा घाबरला की थ्रॉटल पुढे ढकलून तसाच ठेवतो आणि थोड्या वेळाने इंजिन निकामी होतं. दाबमापकाचा काटा १.३ वर ठेवायची सवय सुरुवातीलाच लागली पाहिजे.

शेपूट धरणे

सुरुवात हवेतूनच करा, उड्डाण आणि उतरणं नंतर शिकवता येईल. उंची २००० मीटर, वेग ताशी ३५० किलोमीटर. तुम्ही सरळ उडा आणि नवख्याने २०० मीटर मागे राहायचं. बंदुकीला हात लावायचा नाही.

अंतर मोजायचं साधन समोरच आहे. १०९ च्या रेव्ही नेमयंत्राचं वर्तुळ १०० मीटरवर दहा मीटर रुंदी दाखवतं. याकच्या पंखांची लांबी बरोबर दहा मीटर आहे. म्हणजे पंखांनी वर्तुळ पूर्ण भरलं तर अंतर १०० मीटर, अर्धं भरलं तर २००, एक तृतीयांश भरलं तर ३००. हा हिशेब नवख्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. तुम्ही मध्येच विचारा, "किती?" आणि त्याने लगेच आकडा सांगायचा. तुम्ही मागे बघून तो पडताळा.

सरळ उडताना जमलं की तीस अंशांच्या तिरकेपणाने वळा, मग साठ अंशांनी. साठ अंशांच्या सपाट वळणात दोन जी (गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट जोर) लागतात आणि ३५० च्या वेगाने पूर्ण फेरी सुमारे ३६ सेकंदांत होते, त्यामुळे नवख्याला सावरायला वेळ मिळतो. नंतर हलकी चढण-उतरण मिसळा.

इथे सगळ्यांचं एकच चुकतं. तुम्ही वळता तेव्हा मागचा माणूस नाक सरळ तुमच्यावर रोखून आत शिरतो. तो आतून कापत येत असल्याने अंतर झपाट्याने कमी होतं. वर्तुळातले पंख अर्ध्यावरून पाऊण होतात, तेव्हा त्याच्या लक्षात येतं. तो थ्रॉटल मागे ओढतो, पण इतक्या जड विमानाचा वेग लगेच उतरत नाही. पंख वर्तुळाबाहेर जातात, तुम्ही त्याच्या नाकाखालून बाजूला सरकता आणि दोन सेकंदांनी तो तुमच्या पुढे असतो. हाच ओव्हरशूट. सरावात हसून सोडता येतो, सर्व्हरवर मात्र तिथेच सगळं संपतं.

त्यावर दोन उपाय शिकवा. पहिला, नाक लक्ष्यावर न रोखता त्याच्या शेपटीमागे थोडं ठेवायचं आणि त्याच्याच वाटेने वळायचं. दुसरा, तरीही अंतर घटत असेल तर वळण ढिलं करून नाक वर घ्यायचं, वेगाची उंची करायची, वरून त्याच्याकडे बघत राहायचं आणि तो पुढे सरकला की पुन्हा मागे उतरायचं. याला हाय यो-यो म्हणतात. नाव नंतर सांगितलं तरी चालेल. वेग जास्त झाला की आधी वर जायचं आणि मग थ्रॉटलला हात लावायचा, एवढं त्याच्या हाताला कळलं पाहिजे.

हा सराव कंटाळवाणा वाटतो म्हणून बरेच जण टाळतात. आमच्या मते यावर पहिले तीन-चार दिवस पूर्ण द्यावेत. पाच मिनिटं तुमच्या मागे दीडशे ते अडीचशे मीटरच्या आत राहता येऊ लागलं की पुढचं सगळं सोपं होतं.

याच दिवसांत एकदा ३००० मीटरवर जाऊन स्टॉल (पंखांची उचल सुटणं) आणि स्पिन (त्यानंतर गरगरत खाली पडणं) करून दाखवा. सरळ उडताना विमान ज्या वेगाला स्टॉल होतं, त्याच्या दुप्पट वेगाला ते चार जी खेचताना स्टॉल होतं. १६० ला होणारा स्टॉल त्या वळणात ३२० ला येतो. "वेग तर भरपूर होता" अशी तक्रार इथूनच येते. १०९ चे पंखांच्या पुढच्या कडेचे स्लॅट (सरकत्या पट्ट्या) आपोआप उघडतात आणि विमान थरथरू लागतं. थरथर आली की स्टिक किंचित सैल. स्पिन झालाच तर थ्रॉटल बंद, ज्या बाजूला फिरतंय त्याच्या उलटा रडर पूर्ण, स्टिक थोडी पुढे, एलेरॉन (विमान बाजूला झुकवणारी पंखांवरची पाती) मध्यभागी. फिरणं थांबलं की रडर सरळ करायचा आणि वेग येईपर्यंत स्टिक खेचायची नाही. घाईने खेचली तर दुसरा स्पिन ठरलेला.

नेम

एफ-४ च्या २० मिलिमीटर तोफेत २०० गोळे असतात. मिनिटाला साधारण ७०० या वेगाने ते सतरा सेकंदांत संपतात. एका सेकंदाच्या सुमारे पंधरा-सतरा फैरी, एवढीच शिदोरी. नवखा पहिल्या फैरीत पाच सेकंद बटण दाबून ठेवतो आणि तेही ६०० मीटरवरून.

आधी सरळ उडणाऱ्या तुमच्यावरच, २०० मीटरवरून, एका सेकंदाची फैर मारायला सांगा. तुम्ही विरुद्ध पक्षातून या म्हणजे गोळी लागल्याचं दिसेल. मग हलक्या वळणात. लक्ष्याच्या किती पुढे मारायचं याचा हिशेब एकदा कागदावर करून दाखवा: २०० मीटर जायला गोळ्याला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ४०० च्या वेगाने आडवं जाणारं विमान तीसेक मीटर सरकतं, म्हणजे याकच्या साडेतीन लांब्या. तीस अंशांच्या कोनात जवळपास दोन लांब्या. अगदी मागून काहीच नाही. म्हणूनच मागून आणि जवळून मारायचं. ओस्वाल्ड बोल्के या जर्मन वैमानिकाने १९१६ साली आपल्या लोकांसाठी जे नियम घालून दिले, त्यांतही हेच आहे: सूर्य पाठीशी ठेवा, मागून या, जवळ गेल्यावरच गोळी झाडा.

फैर चुकली तर आधी समोरच्या फलकावरचा, विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारा गोळा बघायला सांगा. विमान आडवं घसरत असेल तर नेमयंत्र एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे जातात. नवख्यांच्या निम्म्या फैरी यामुळेच वाया जातात आणि दोष मात्र झूमला दिला जातो.

उंचीचा हिशेब

उंची म्हणजे साठवलेला वेग. ताशी ३०० वर असलेलं विमान ५०० मीटर खाली आलं तर, हवेचा अडथळा आणि इंजिन सोडून, वेग ४६० च्या पुढे जातो. पुन्हा वर गेलं की तो परत उंचीत जमा होतो. जोरात वळताना मात्र तो खर्च होतो आणि परत मिळत नाही.

तुम्ही २००० मीटरवर उडा, नवख्याला ३००० वर ठेवा. त्याने मागून खाली यायचं, एक फैर मारायची आणि उताराच्या वेगावर पुन्हा वर निघून जायचं. तुम्ही वळलात तर त्याने पाव फेरीपेक्षा जास्त मागे लागायचं नाही. हा मोह सुटायला वेळ लागतो, कारण समोरचं विमान "आता सापडतंय" असं सतत वाटत राहतं. एकदा मुद्दाम तुमच्यामागे वळू द्या आणि दोन फेऱ्यांनंतर त्याला वेग विचारा. २५० च्या आसपासचा आकडा त्याने स्वतः वाचला की मुद्दा पटतो. वर जाताना चढ सरळ उभा नको: बेताचा ठेवायचा आणि मागे बघत जायचं. एफ-४ चढाईत याकपेक्षा सरस आहे, ती सरशी अशीच वापरायची.

बचाव आणि सर्व्हर

बचावाच्या सरावात भूमिका उलटतात. तुम्ही मागून या आणि अंतर बोलत राहा: आठशे, सहाशे, पाचशे. पाचशे ते चारशेच्या दरम्यान त्याने तुमच्या दिशेने जोरात वळायचं. हजार मीटरवरच वळला तर तुम्हाला नाक जुळवायला वेळ मिळतो, दोनशेवर वळला तर उशीर झालेला असतो. सरळ वर जाणं ही सगळ्यात महाग चूक, कारण वेग संपलेलं विमान हवेत टांगलेलं राहतं आणि नेम धरणं सोपं होतं.

आता सर्व्हरवर न्या, पण विंगमन, म्हणजे साथीचा वैमानिक, म्हणून. त्याला एकच काम द्या: तुम्हाला नजरेआड होऊ द्यायचं नाही. स्पेनच्या यादवी युद्धात जर्मन वैमानिकांनी, विशेषतः वेर्नर म्योल्डर्सने, दोन-दोन विमानांची जी सैल रचना रुजवली ती इथे तशीच कामी येते. बाजूला दोनशे मीटर, किंचित मागे, म्हणजे दोघांना एकमेकांची शेपटी दिसते. दर दहा सेकंदांनी डावीकडे मागे, उजवीकडे मागे आणि पंख झुकवून खाली बघायचं. झूम करून ठिपका ओळखला की लगेच झूम सोडायचा.

डिस्कॉर्डवर बोलणं मोजकं ठेवा. आधी कोणाला, मग दिशा (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, बारा म्हणजे समोर), उंची, अंतर: "तुझ्या पाच वाजता, वर, दीड किलोमीटर, एकटा." "अरे मागे, मागे!" यातून कोणाच्या मागे हेच कळत नाही. कोणी मागे लागलं तर नवख्याने वळता वळता तुमच्या दिशेने यायचं. तो पळून दूर गेला तर तुम्हाला मदत करता येत नाही.

प्रत्येक उड्डाणाची नोंद टॅकव्ह्यू या उड्डाण पुन्हा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि पडण्याच्या आधीचं एक मिनिट बघा. शेवटचे पाच सेकंद फारसे कामाचे नसतात. चूक बहुधा चाळीस सेकंद आधीची असते: उंची सोडली तेव्हाची, मागे बघितलं नाही तेव्हाची. एका उड्डाणामागे एकच दुरुस्ती सांगा. तीन सांगितल्या तर पुढच्या वेळी एकही होत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी जागा बदला. त्याने लीडर व्हायचं, कुठे जायचं आणि कुठली लढाई सोडून द्यायची हे त्याने ठरवायचं, तुम्ही त्याच्या बाजूला दोनशे मीटरवर. तो चुकीच्या झुंडीत शिरत असेल तर इशारा एकदाच द्या आणि त्याच्याबरोबर जा.